पडदे रंगवणाऱ्यांचा सिनेमा

संगीत नाटकाच्या ऐन भरात कंपनीचं सामान गावात आलं की लोक दोन गोष्टींची चौकशी करायचे. गाणारा कोण, आणि पडदे कुणाचे? गाणाऱ्याचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पडदेवाल्याचं बहुतेकदा विसरलं गेलं. दरबार, रस्ता, अरण्य, तुरुंग, देवालय असे ठरलेले देखावे मोठ्या कापडावर रंगवायचे, ते दांड्याला गुंडाळायचे आणि प्रवेश बदलला की सोडायचे, एवढंच त्याचं काम असा आपला समज असतो. त्या कामात काय काय येत होतं ते जरा तपशिलात पाहायला हवं, कारण मराठी सिनेमाचा पाया याच कापडावर घातला गेला.

पडदा दिवसाच्या उजेडात रंगवायचा आणि दिसणार मात्र रात्री, गॅसबत्त्यांच्या पिवळट प्रकाशात. दुपारी झकास दिसलेला निळा रंग रात्री मेलेला दिसतो. पडद्यावरच्या महालाचे खांब मागे मागे लहान होत जातात, पण त्या खांबांजवळ नट उभा राहिला तर तो राक्षसासारखा दिसू लागतो. म्हणजे नट पडद्यापासून किती हातांवर थांबणार हे पेंटरला आधीच ठाऊक हवं. नायिकेच्या शालूचा रंग आणि मागच्या भिंतीचा रंग एक झाला की नायिका भिंतीत हरवते, म्हणून कपडेपटाशी बोलून घ्यायचं. कापड गुंडाळताना रंगाचे पापुद्रे निघू नयेत म्हणून खळ आणि रंग यांचं प्रमाण सांभाळायचं. दोऱ्या, कप्प्या, दांडे हे सुताराचं काम, पण पडदा अर्ध्यावर अडकला की शिव्या पेंटरलाच. चित्रकला, सुतारकाम, प्रकाश, वेषभूषा आणि नटाची चाल या सगळ्यांच्या मधल्या जागेत हा माणूस उभा असायचा.

कोल्हापुरात असे दोघे होते. आनंदराव आणि बाबूराव हे चुलत भाऊ. आडनाव मेस्त्री, पण गावानं त्यांना 'पेंटर' केलं आणि पुढे तेच नाव इतिहासात गेलं. बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 चा. घरात सुतारकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम चालायचं, त्यामुळे हत्यार कसं धरायचं हे शाळेत शिकावं लागलं नाही. साधारण 1910 नंतरच्या पाच-सहा वर्षांत या दोघांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले आणि त्या कामात नाव कमावलं. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर ते. गवई, पैलवान, चित्रकार, नट या सगळ्यांना तिथे आश्रय होता आणि सगळे एकमेकांना हाक मारण्याच्या अंतरावर राहत होते.

वेगवेगळ्या कलांनी एकत्र येऊन काम करावं असं आपण आज म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे एक ठरावीक देखावा येतो. एक थोर संगीतकार, एक थोर लेखक, एक थोर चित्रकार यांना एका खोलीत बसवलं की काहीतरी अपूर्व निपजेल, अशी आशा. कोल्हापूरकरांची गोष्ट सांगायची ती ही आशा तपासून पाहण्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. थोरांची बैठक भरवून फारसं काही होत नाही. शेजारच्याचं काम अर्धंमुर्धं येणारी आणि त्यात नाक खुपसण्याची मुभा असलेली माणसं एका छताखाली बरीच वर्षं राहिली, तर मात्र पुष्कळ होतं.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पेंटर बंधूंनी तो पाहिला आणि त्यांना चित्र हलवायचा ध्यास लागला. चित्रपट दाखवण्याचं यंत्र त्यांनी मुंबईहून मिळवलं, खेळ केले, आणि खेळ करता करता ते यंत्र आतून समजून घेतलं. यात एक युक्ती आहे. सिनेमा दाखवणारं यंत्र आणि सिनेमा टिपणारं यंत्र यांचा गाभा एकच असतो. फिल्मच्या कडेच्या भोकांत दाते अडकतात, ते फिल्म एक घर पुढे ओढतात, क्षणभर थांबवतात. त्या क्षणी झडप उघडते, मिटते, आणि फिल्म पुन्हा पुढे सरकते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडायचं. दाखवताना प्रकाश आतून बाहेर जातो, टिपताना बाहेरून आत येतो. विदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून कॅमेरा घरीच करायचं ठरलं.

1916 मध्ये आनंदराव वारले. कॅमेऱ्याचं अर्धवट काम बाबूरावांनी पुढे नेलं आणि त्यांच्या हाताखाली एक शांत, यंत्रात रमणारा तरुण होता, विष्णुपंत दामले. पेणचा हा मुलगा आनंदरावांकडे चित्रकला शिकायला आला होता. चित्रकला शिकायला आलेला मुलगा लेथवर दातेरी चाकं कातू लागला आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. त्याच कारखान्यात शेख फत्तेलाल होते, तेही मूळचे चित्रकार. पुढे शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा आला. गंधर्व नाटक मंडळीत पोरवयात नाटकाचा वास घेऊन तो आला होता आणि इथे पडेल ते काम करत होता.

बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिकेच्या पैशावर. तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, ही गोष्ट सिनेमाच्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते. मला ती एका ओळीपेक्षा मोठी वाटते. पेढ्या आणि सावकार ज्या धंद्याकडे संशयानं पाहत होते, त्यात एका गाणाऱ्या बाईनं पैसा घातला, तोही अशा चित्रपटांसाठी ज्यांत आवाजच नव्हता.

कंपनीचा 'सैरंध्री' 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यानं वर्षानुवर्षं पडदे रंगवले, त्यानं सिनेमात आल्यावर पडदाच काढून टाकला. बाबूरावांनी लाकडाची, गिलाव्याची, जाडी असलेली बांधकामं उभी केली. नट आत शिरू शकेल, खांबाला टेकू शकेल, दारातून वाकून जाऊ शकेल असे महाल त्यांनी बांधले. रंगवलेल्या खोलीतलं अंतर एकाच जागेवरून खरं वाटतं. नाटकगृहात प्रेक्षक जागचा हलत नाही, म्हणून तिथे ते खपून जातं. कॅमेरा मात्र उचलून डावीकडे ठेवला की रंगवलेला खांब सपाट कापड होऊन उघडा पडतो. ही लबाडी कुठवर टिकते हे पडदेवाल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

रंगांचंही तसंच झालं. त्या काळची फिल्म सगळे रंग सारख्या न्यायानं पाहत नव्हती. तांबडा तिला जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा यायचा. निळा उजळून पांढरट व्हायचा. कुंकू डागासारखं दिसे आणि निळं आभाळ कोरं कापड होई. म्हणजे चित्रकाराला आपली सगळी पेटी विसरून, प्रत्येक रंगाची राखाडी किंमत काय होईल ते शिकावं लागलं. बाबूराव प्रसंगांची रेखाटनं आधी करून घ्यायचे. प्रकाश कुठून पडेल, माणसं कशी उभी राहतील, हे कागदावर ठरायचं. 'सिंहगड'मध्ये त्यांनी रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम दिवे वापरले. जाहिरातीची चित्रंही ते स्वतः काढत, आणि चित्रपटाची माहिती व छायाचित्रं असलेली पुस्तिका छापून देण्याची प्रथा त्यांनी लवकर सुरू केली.

या सगळ्याचा कळस 1925 चा 'सावकारी पाश'. गोष्ट नारायण हरी आपट्यांची, सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची. तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं. देवादिकांचे मुकुट आणि चमत्कार सोडून एका झोपडीकडे कॅमेरा वळवणं हे धाडसच होतं. अंधुक उजेडातली ती झोपडी आणि तोंड वर करून विव्हळणारं कुत्रं, हे दृश्य पाहिलेल्या लोकांच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं. चित्रपट मूक होता. तरी चित्रकारानं ते विव्हळणं ऐकू येईल अशी मांडणी केली.

बाबूरावांच्या कारखान्याचा एक दोष होता आणि तो त्यांच्या मोठेपणातूनच आला होता. सगळं त्यांच्या मनात ठरायचं. मनासारखं होईपर्यंत काम थांबायचं, आणि मनासारखं कधी होईल याचा नेम नसायचा. शिष्यांना सगळं येत होतं, पण ठरवण्याचा अधिकार एकाच डोक्यात होता. शेवटी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि कॅमेऱ्यावर तयार झालेले केशवराव धायबर बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी या सराफांनी पैसा घातला आणि 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात पाच भागीदारांची प्रभात फिल्म कंपनी निघाली.

भागीदार पाच असले तरी कामांच्या भिंती पक्क्या नव्हत्या. शांताराम दिग्दर्शन करायचे, पण नटही होते. दामल्यांनी आवाजाची बाजू अंगावर घेतली. फत्तेलाल कलादिग्दर्शक; नेपथ्य, वेषभूषा, दागिने सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. कंपनीत त्यांना 'साहेबमामा' म्हणत. एका मुसलमान चित्रकारानं देहू, आळंदी, पैठण ही वारकऱ्यांची गावं उभी करावी आणि ती वारकऱ्यांनाही आपलीच वाटावीत, याचं त्या काळी कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

सिनेमा बोलू लागला आणि या एका छताखालच्या मेहनतीची खरी किंमत कळली. 'अयोध्येचा राजा' 1932 मध्ये आला, मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. दुर्गाबाई खोटे तारामती, आणि हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. टेंबे म्हणजे 1911 च्या 'मानापमान'ला चाली देणारे, पेटीवर हुकमत असलेले गृहस्थ. इथे ते नायकही होते आणि संगीतकारही.

सुरुवातीच्या बोलपटात गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपलं जायचं. नट कॅमेऱ्यासमोर गाणार, साथीदार चौकटीच्या बाहेर पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसणार. मायक्रोफोन दिसता कामा नये आणि नटापासून लांबही जाता कामा नये. म्हणजे साथीदार कुठे बसतील यावर खांब कुठे उभा करायचा ते ठरणार. गिलाव्याच्या भिंतीवरून आवाज परत येतो, कापडावरून येत नाही. मग भिंत कशाची हे चित्रकारानं ठरवायचं की ध्वनिमुद्रकानं? नटी गाता गाता चालू लागली तर आवाज विरणार, म्हणून तिची चाल बदलायची, आणि चाल बदलली की प्रकाश बदलायचा. जगभरच्या चित्रसृष्टीत त्या दोन-तीन वर्षांत यावरून भांडणं झाली. आवाजाचे नवे तंत्रज्ञ येऊन बसले आणि दिग्दर्शकांना हुकूम सोडू लागले. प्रभातमध्ये आवाजाचा माणूस आणि नेपथ्याचा माणूस एकाच गुरूकडे कुंचला धुऊन मोठे झाले होते. भांडण इथेही झालं असेलच, पण एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगायला दुभाषा लागत नव्हता.

याचा अर्थ त्यांचं सगळं साधलं असा नाही. पुण्याला एरंडवण्यात बस्तान हलवलं त्याच वर्षी, म्हणजे 1933 मध्ये, प्रभातनं 'सैरंध्री' पुन्हा केला, तोही रंगीत. फिल्मवरची प्रक्रिया जर्मनीत करून आणली. एवढे रंगांचे जाणकार, आणि रंग भडक, विस्कटलेले आले. चित्रकाराचा रंग हातात असतो, इथे तो परक्या देशातल्या रसायनांच्या टाकीत होता. त्या टाकीत नाक खुपसण्याची मुभा यांतल्या कुणालाच नव्हती.

दुसरा फसलेला प्रयोग जास्त बोलका आहे. 1935 चा 'धर्मात्मा'. नायक बालगंधर्व, संत एकनाथांच्या भूमिकेत, दिग्दर्शक शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं, संवाद के. नारायण काळ्यांचे. कागदावर याहून थोर एकत्र येणं शक्य नव्हतं. बालगंधर्व आणि प्रभात यांची भागीदारी जाहीर झाली, पुढे एकापाठोपाठ एक चित्रपट करायचा बेत होता. पहिल्यानंतरच तो गुंडाळला गेला.

का? बालगंधर्वांचं गाणं समोरच्या प्रेक्षकांवर वाढायचं. 'वन्समोअर' आला की तेच पद नव्या अंगानं उलगडायचं, रात्र सरकत जायची, आणि त्या सरकण्यातच त्या गाण्याचा प्राण होता. कॅमेऱ्यासमोर प्रेक्षक नाही. गाणं तीन-चार मिनिटांत संपायला हवं, आणि मान कुठे वळवायची ते ठरलेलं. शिवाय ज्यांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध झाला, त्यांना दाढीमिशांत पाहायचं. पण मला मुख्य कारण वेगळं वाटतं. बालगंधर्व पाहुणे म्हणून आले होते, आणि पाहुण्याच्या कामात कुणी हात घालत नाही. त्यांना कुणी 'हे इथे कमी करा' म्हणालं असेल का? आणि त्यांनी तरी दामल्यांच्या यंत्रात डोकावून पाहिलं असेल का? आदर पुष्कळ होता. एकत्र कामाला तो पुरला नाही, उलट आडच आला.

पुढच्याच वर्षी त्याच आवारात 'संत तुकाराम' झाला.

दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. म्हणजे एक ध्वनिमुद्रक आणि एक नेपथ्यकार. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, तेही नाटकात स्त्रीभूमिका करून आलेले, पण भजनात बुडालेले. संगीत केशवराव भोळ्यांचं. भोळे वैद्यकीचा अभ्यास सोडून गाण्यात आले होते, 'एकलव्य' या नावानं संगीतावर टीका लिहीत होते, आणि 1933 साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'साठी त्यांनी संगीत दिलं होतं. त्या नाटकात गाणं हे प्रसंगाची गरज म्हणून आलं. गायकासाठी प्रसंग थांबवला नव्हता. असा माणूस तुकोबांना चाली द्यायला बसल्यावर मैफलीचा थाट येणं शक्यच नव्हतं. वीणा, टाळ, मृदंग आणि बोलण्यातून सहज गाण्यात शिरणारा आवाज यांवर ते संगीत उभं आहे. पागनीस गातात तेव्हा गवई गातोय असं वाटत नाही. शेत राखणारा, दुकानात बसलेला, रस्त्यानं चाललेला एक माणूस गुणगुणतोय असं वाटतं.

चित्रपटात एका ठिकाणी तुकारामांच्या तोंडी पद हवं होतं आणि गाथेत जागेला चपखल बसेल असा अभंग मिळेना. शांताराम आठवल्यांनी बीज आणि झाड यांच्यावर एक पद लिहिलं. ते इतकं बेमालूम झालं की जाणत्या लोकांनी गाथेत त्याचा शोध घेतला, असं सांगतात. आजही कीर्तनात ते तुकोबांच्या नावावर म्हणणारे भेटतात. गीतकाराला यापेक्षा मोठी दाद नाही आणि यापेक्षा मोठी अडचणही नाही, कारण पद जितकं उत्तम तितकं त्याचं स्वतःचं नाव पुसलं जातं.

तुकारामांच्या बायकोचं, आवलीचं काम गौरी या बाईंनी केलं. कंपनीत लहानसहान काम करत आलेल्या त्या बाई. देवावर चिडलेली आवली चप्पल हातात घेऊन देवळात जाते तो प्रसंग पाहावा. विठ्ठलाला चार गोष्टी सुनवायला निघालेली बाई, मागून धावणारा नवरा, आणि देवळाचा तो ओबडधोबड दगडी थाट. त्या प्रसंगात बोलणं, चाल, भिंत आणि आवाज यांपैकी कुणाचं काम कुठे संपतं ते सांगता येत नाही. चित्रपटात चमत्कारही भरपूर आहेत. शिवाजी महाराजांना वाचवण्यासाठी पडद्यावर एकाचे अनेक शिवाजी होऊन धावू लागतात, शेतात धान्याच्या राशी पडतात, शेवटी गरुडाचं विमान येतं. ती करामत आज पाहताना हसू येतं, हे मान्य करायला हरकत नाही. आवलीचा संताप मात्र अजून तसाच तापलेला आहे. फत्तेलालांनी तिचं घर बांधताना, ज्या चुलीवर तिची भाकरी भाजायची आणि ज्या अंगणात तिची म्हैस बांधायची, त्या वस्तूंना देवाच्या विमानाइतकंच लक्ष दिलं.

'संत तुकाराम' मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून दोन नावं आली ती बरंच झालं. एरवी आपल्याकडे एका नावावर सगळं लिहून मोकळं होण्याची खोड फार.

या मंडळींचं मला सर्वांत आवडणारं काम 1937 चा 'कुंकू'. दिग्दर्शक शांताराम, कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच, त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली तरुणी, आणि तिचा नकार. नीरेच्या भूमिकेत शांता आपटे, काकासाहेब झाले केशवराव दाते. संगीत भोळ्यांचं. आणि या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही.

हे वाक्य सहज वाचून पुढे जाण्यासारखं नाही. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी प्रेक्षकांसमोर, गाण्यावर उभ्या असलेल्या सिनेमाच्या धंद्यात, एका संगीतकारानं हो म्हटलं की प्रसंगांमागे मी काहीच वाजवणार नाही. दुःखाच्या जागी सारंगी नाही, संतापाच्या जागी ढोल नाही. त्याऐवजी ऐकू येतं ते वाड्यातलं: पावलं, दार, भांडी, रस्त्यावरचा गलका, आणि घड्याळ. काकासाहेबांच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ या चित्रपटात जवळजवळ एक पात्र आहे. म्हाताऱ्याचं वय ते मोजत राहतं. गाणी आहेत, पण तीही घरातल्या वस्तूंच्या साथीनं, किंवा ग्रामोफोनच्या निमित्तानं, म्हणजे जिथे माणूस खरोखर गाईल तिथेच. एका ठिकाणी शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. 1937 च्या मराठी चित्रपटात, नऊवारी-पाचवारीच्या वादाच्या काळात, इंग्रजी कविता!

आवाज काढून घेतल्यावर ती जागा कुणीतरी भरायला हवी होती. ती चित्रानं भरली. आरशात आपलं म्हातारपण पाहणारे काकासाहेब, कुंकू लावताना थबकणारी नीरा, जिन्याच्या अंधारात अर्धे दिसणारे चेहरे. ध्वनिमुद्रकाला लंबकाचा ठोका नेमका किती मोठा हवा हे ठरवायचं होतं. नेपथ्यकाराला ते घड्याळ कुठे टांगायचं हे ठरवायचं होतं. नटाला त्या ठोक्याकडे कधी पाहायचं हे. तिघांपैकी कुणी एक हट्टाला पेटला असता तर घड्याळ फक्त भिंतीवर टांगलेलं राहिलं असतं. मुळात संगीतकाराला माघार घेता आली ती चित्र आपल्या मदतीला येईल असा भरवसा असल्यामुळे, आणि असा भरवसा पहिल्या भेटीत येत नाही. प्रभातच्या 'अमृतमंथन' या चित्रपटापासून भोळे या लोकांबरोबर होते. कोणता सेट किती बोलतो, दात्यांचा चेहरा किती सांगतो, हे त्यांनी आवारात राहून पाहिलं होतं.

प्रभातचा हा बहर फार टिकला नाही. मोडतोड झाली ती पैशामुळे, मानामुळे आणि खासगी कारणांमुळे. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि प्रत्येकाची बाजू वेगळी आहे. शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल काढली. दामले आजारी होते. 5 जुलै 1945 रोजी ते गेले. 1944 चा 'रामशास्त्री' पाहण्यासारखा आहे, पण त्याच्या दिग्दर्शनाशी राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार अशी तीन नावं जोडलेली आहेत. काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, म्हणून ही नावं. 'तुकाराम'च्या दोन नावांचा जोडीदारपणा तिथे उरला नव्हता. पुढच्या दशकात कंपनी बंद पडली, आणि 1960 पासून त्याच आवारात सरकारी फिल्म संस्था सुरू झाली. तिथे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. बाबूराव पेंटर 1954 मध्ये वारले, आणि अखेरच्या काळात ते पुन्हा चित्रं आणि मूर्ती यांच्याकडेच वळले होते.

मोडत आलेल्या त्या प्रभातमध्ये 1944 साली एक तरुण नोकरीला आला. तो अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकलेला होता. करार तीन वर्षांचा. कंपनीनं त्याला नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सगळीकडे पिटाळलं. 'लाखारानी'त त्यानं छोटी भूमिका केली आणि बेडेकरांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम पाहिलं. 1946 च्या 'हम एक हैं'मध्ये नृत्यं बसवली. त्याच चित्रपटात पहिल्यांदा पडद्यावर आलेला नायक देव आनंद आणि तो, दोघांची मैत्री याच आवारात जुळली. पुढे त्याच्या 'प्यासा' या चित्रपटामध्ये माणसं बोलता बोलता गाऊ लागतात, आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही, ते त्यानं नृत्याच्या वर्गात उचललं की एरंडवण्यात, हे सांगता येत नाही. माझा कौल एरंडवण्याला आहे. त्या तरुणाचं नाव गुरुदत्त पदुकोण.